अण्णा पडले, पण कॅन्सरच्या डॉक्टरांना कुणी सांगितलं का?

ताई, नमस्कार. माझे सासरे, अण्णा, वय 74, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. 2 वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडात थोडा पसरलाय म्हणाले. दर 3 महिन्यांनी इंजेक्शन असतं, मागच्या वर्षी 6 केमो झाल्या. पीएसए (रक्तातून प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायची तपासणी) खाली आलाय, डॉक्टर खूश आहेत. पण गेल्या महिन्यात रात्री 3 वाजता लघवीला उठले आणि मोरीत पडले, डावं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. त्यानंतर माझ्या मुलानं सांगितलं की आजोबा याआधी पण दोनदा पडलेत पण "आईला सांगू नको" म्हणाले होते. बीपीची, शुगरची, लघवीची आणि झोपेची अशा गोळ्या चालू आहेत, जेवण पूर्वीच्या निम्म्यावर आलंय. मिस्टर म्हणतात वय झालं, आता असं व्हायचंच. पुण्याचे दीर म्हणतात त्यांना खाली उतरूच देऊ नका, डायपर लावा, माणूस ठेवा. अण्णा काठी हातात धरत नाहीत. हे कॅन्सरमुळे होतंय का? आणि आम्ही नक्की करायचं काय? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— एक सून, कराड

अगं, पत्र दोनदा वाचलं, त्यात एक गोष्ट कुठंच सापडली नाही. प्लास्टर घातलं ते लिहिलंयस, पीएसए खाली आला ते पण माहितीय तुम्हाला, पण अण्णा पडले हे कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगितलंत का? माझा अंदाज, नाही. कारण हे असंच होतं. हाडाच्या डॉक्टरांनी हात बघितला, कॅन्सरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, आणि माणूस का पडला ते बघायचं राहूनच गेलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कॅन्सरचे पेशंट माझ्याकडे येतात ते बहुतेक असे पडून झाल्यावरच. ताप आला की तुम्ही रात्री 12 ला पण फोन लावता ना, कारण केमो चालू असताना तापाला फोन करायचा हे सगळ्यांना सांगितलेलं असतं. पडण्याचं तसं कुणी सांगत नाही. म्हणून सगळ्यात आधी हे कर, अण्णा 3 वेळा पडले, कधी, कुठं, काय करताना, हे एका कागदावर लिहून फाईलमध्ये सगळ्यात वर लाव आणि पुढच्या इंजेक्शनची वाट न बघता फोन कर.

आता तुझा प्रश्न, कॅन्सरमुळे होतंय का. थोडं कॅन्सरमुळे, बरंचसं ट्रीटमेंटमुळे, आणि थोडं त्या गोळ्यांच्या डब्यामुळे. "वय झालं" हे तुझ्या मिस्टरांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, पण ते म्हटलं की पुढं काही करायला उरत नाही, म्हणून मला ते उत्तर आवडत नाही.

ते 3 महिन्यांचं इंजेक्शन पुरुषाच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन बंद पाडण्यासाठी असतं, कारण प्रोस्टेटचा कॅन्सर त्याच्यावर पोसतो. पण मांड्यांचे स्नायू आणि हाडं पण त्याच्यावरच उभी असतात. ते बंद झालं की पहिल्या वर्षातच हाडं झपाट्यानं विरळ होतात आणि मांड्या बारीक होतात, पोट मात्र वाढतं, त्यामुळे घरच्यांना वाटतं तब्येत बरीय. अण्णांना खुर्चीतून उठताना हातानं रेटा द्यावा लागतो का बघ. संडास भारतीय असेल तर नळाला धरून उठतात का बघ. सोबत प्रेडनिसोलोन चालू असेल किंवा केमोच्या वेळी दिलं असेल तर त्या स्टिरॉइडनं पण मांड्याच आधी ढिल्या पडतात.

केमो कुठली होती ते फाईलमध्ये बघ, प्रोस्टेटला साधारण डोसिटॅक्सेल देतात. त्यानं पायाच्या नसा बधिर होतात. पेशंट सांगतात की कापसावरून चालल्यासारखं वाटतं, पण अण्णांच्या पिढीतले पुरुष आपणहून हे सांगणार नाहीत, तू विचारशील तरी "काही नाही गं" म्हणतील. म्हणून विचारू नकोस, बघ. चालताना पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही आणि ते तसेच दोन पावलं पुढं जातात का? सकाळी बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जाऊन भिंतीला हात लावतात का? ही दोन्ही पायाच्या नसा बधिर झाल्याची लक्षणं असू शकतात. तळव्यांना जमीन नीट कळत नसली की माणूस डोळ्यांनी तोल सांभाळतो, आणि रात्री 3 वाजता दिवा न लावता उठला की तो आधारही जातो. दिवा का लावत नाहीत, तर तुमची झोप मोडेल म्हणून, हे मी शंभर घरांत ऐकलंय. बॅटरीचा किंवा प्लगमध्ये बसणारा नाईट लॅम्प आण, पलंगापासून मोरीपर्यंत प्रकाश पडला पाहिजे. त्यांना काही बटण दाबायला लागता कामा नये.

शुगरनं पण नसा बधिर होतात, तेव्हा दोन्ही एकत्र असू शकतं.

आता गोळ्या. बीपीची गोळी त्यांना किती वर्षांपूर्वी सुरू झाली, तेव्हा वजन किती होतं, जेवण किती होतं? आता जेवण निम्मं आणि गोळी तीच. शुगरचं तेच, ग्लिमेपिराइड जातीची गोळी घेऊन रात्री अर्धी भाकरी खाल्ली तर पहाटे शुगर 70 च्या खाली जाऊन माणूस घामाघूम होऊन पडू शकतो. लघवी मोकळी व्हावी म्हणून जी देतात, टॅमसुलोसिन वगैरे, तिनं उभं राहिल्यावर बीपी उतरतं. आणि झोपेची, ती कुणी दिली? परस्पर मेडिकलमधून आणलेली असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना माहीतच नसेल की ती चालू आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळीची गुंगी रात्री 3 ला उतरलेली नसते. नसांच्या जळजळीला प्रिगॅबालिन किंवा गॅबापेंटिन देतात, दुखण्याला ट्रॅमाडॉल देतात, त्यांनी पण चक्कर येते, चालू असेल तर तेही लिही. एकेक गोळी आपापल्या जागी बरोबर असेल, पण सगळ्या मिळून पाडतात. मात्र तू स्वतः काही बंद करू नकोस, झोपेची तर अजिबात नाही, ती बरेच दिवस चालू असेल तर हळूहळूच कमी करावी लागते. सगळा डबा पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओत, "आठवत नाही, पांढरी गोळी आहे" असं सांगण्यापेक्षा हे बरं.

घरी बीपीचं मशीन असेल तर एक काम कर. अण्णांना 5 मिनिटं आडवं पडू दे, बीपी घे, मग उभं कर आणि 1 मिनिटानं परत घे, 3 मिनिटांनी परत घे, कुणीतरी शेजारी उभं राहा. वरचा आकडा 20 नं किंवा जास्त उतरला किंवा खालचा 10 नं उतरला तर ते आकडे तसेच लिहून ने. दवाखान्यात खुर्चीत बसवून घेतलेलं बीपी नॉर्मल येऊ शकतं, तो रिपोर्ट बघून सगळे निश्चिंत होतात. ही मोजणी सकाळी उठल्या उठल्या केलीस तर जास्त कळेल.

इथं जरा सिरियस बोलते, कारण तू लिहिलंयस की हाडात पसरलाय. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात जास्त जातो. पाठीत नवीन दुखायला लागलं, आडवं पडल्यावर किंवा खोकताना जास्त दुखतंय, पायातली ताकद अचानक कमी झाली, पाय लटपटतायत, लघवी अडली किंवा कळायच्या आत झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, यातलं काहीही असेल तर सकाळची ओपीडी बघत बसायचं नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल, आणि तिथं सांगायचं की कॅन्सर पेशंट आहे आणि मज्जारज्जूवर दाब आलाय का बघा, एमआरआय करा. माणूस चालत असताना ट्रीटमेंट मिळाली तर चालता राहायची शक्यता बरीच असते, पाय पूर्ण गेल्यावर परत आणणं फार अवघड. पत्रात तू यातलं काही लिहिलेलं नाहीस, पण तरी एकदा नीट बघून घे, पाठ दुखत असली तर ते पण लपवतील.

दुसरं, डोकं आपटलं असेल तर. रक्त पातळ करायची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, किंवा प्लेटलेट कमी असतील (केमोनंतर काही दिवस असतात), तर डोक्याला साधं टेंगूळ आलं तरी हॉस्पिटलला जाऊन दाखवायचं, सीटी स्कॅन लागतो का ते तिथं ठरू दे. वयस्कर माणसात मेंदूभोवती रक्त हळूहळू पण साचतं, दोन-तीन आठवड्यांनी डोकं दुखणं, जास्त झोप, बोलण्यात गोंधळ असं दिसतं. अण्णांना पडून महिना झाला ना, म्हणून सांगतेय.

मनगटाबद्दल. उभ्या उंचीवरून पडून 74 व्या वर्षी मनगट मोडलं याचा अर्थ हाडं विरळ झालीयत असं धरून चालायचं आणि तपासायचं. डेक्सा नावाचा स्कॅन असतो, हाडांची घनता मोजतात, दुखत नाही, त्यात विशेष काही नाही. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम रक्तात बघतात. हाडं घट्ट करायला झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं. हे आधीच चालू असेल तर चांगलंच, नसेल तर विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त ते सुरू करायच्या आधी दात दाखवून घ्या, किडलेला दात काढायचा असेल तर आधी काढायचा, कारण या औषधांवर असताना दात उपटला तर जबड्याचं हाड भरत नाही असं होऊ शकतं. झोलेड्रोनिकला किडनीचा रिपोर्ट लागतो. आणि डेनोसुमॅब हाडांच्या विरळपणासाठी सुरू केलं तर मधेच आपल्या मनानं सोडायचं नाही, सोडलं की हाडं पटकन परत विरळ होतात आणि मणके मोडू शकतात.

आता दिरांचं म्हणणं, खाली उतरू देऊ नका, डायपर लावा. लांब राहणाऱ्या माणसाला काळजी जास्त वाटते आणि उपाय सोपा सुचतो, मी त्यांना दोष देत नाही. पण हे करू नका. अण्णांच्या मांड्या आधीच इंजेक्शननं गेल्यात, त्यात पलंगावर ठेवलं तर 10-15 दिवसांत जे उरलंय त्यातलं पण बरंच जाईल, मग खरंच उठणं अवघड होईल. कॅन्सरमध्ये पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका तसाही जास्त असतो, झोपून राहिलं की आणखी वाढतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो. आणि ज्या माणसाला लघवीला जायची शुद्ध आहे, ताकद आहे, त्याला डायपर लावलं तर तो रात्री गुपचूप काढून जाणारच, आणि तेव्हा पडेल. पलंगाला कठडे लावायचं कुणी सुचवलं तर तेही नको, कठड्यावरून उतरताना पडलेले लोक जास्त उंचावरून पडतात.

डायपरऐवजी पलंगाशेजारी लघवीचं प्लास्टिकचं भांडं ठेवा, मेडिकलमध्ये मिळतं, झाकणाचं घ्या. फक्त रात्रीपुरतं. लाज वाटत असेल तर नातवानं नाही, मुलानं म्हणजे तुझ्या मिस्टरांनी एकदा दाखवून द्यावं आणि सकाळी त्यांनीच उचलून ओतावं, सुनेनं उचललं तर अण्णा उद्यापासून वापरणार नाहीत. संध्याकाळी 6 नंतर चहा नको, पाणी दिवसा भरपूर आणि रात्री घोटभर. उठताना आधी पलंगाच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडून, एखाद-दोन मिनिटं, घोटे वरखाली हलवायचे, मग उभं राहायचं, उभं राहून दहा अंक मोजायचे, मग पाऊल. पलंग एवढा उंच हवा की बसल्यावर तळवे जमिनीला टेकतील.

मोरीचं काम रविवारी उरकून टाका. तिथं काय काय आहे ते मी न बघता सांगू शकते, ओली फरशी, खोबरेल तेलाचा आणि साबणाचा थर, दारात सैल पायपुसणं, उंबरा, आणि धरायला टॉवेलचा रॉड. तो रॉड टॉवेलचं वजन पेलायला असतो, माणसाचं नाही, हातात येतो निसटून. भिंतीत ड्रिल मारून स्टीलचा दांडा बसवायचा, प्लंबर किंवा गवंडी बसवून देतो, एक संडासाशेजारी आणि एक अंघोळीच्या जागी, अण्णांचा उजवा हात चांगला आहे तर आता दांडा उजव्या बाजूला आला पाहिजे. तो बसवल्यावर तुझ्या मिस्टरांनी स्वतः सगळा भार टाकून ओढून बघायचा. अंघोळीला बसायला चार पायांना रबर असलेलं स्टूल, पाट नको, पाटावरून उठताना मांड्या लागतात. पायपुसणं काढूनच टाक. आतून कडी लावू देऊ नका, दार लोटून घ्यायचं, आत पडले तर दार फोडायची वेळ येते. रबरी स्लीपर, ती पुढून उघडी घरातली, बंद. मागून पट्टा असलेली, पायाच्या मापाची, तळाला पकड असलेली चप्पल घरात पण घालायची. पायजमा घोट्याच्या वर शिवून घे.

काठी. एसटीत 30-35 वर्षं घाटातल्या वळणावर उभं राहून तिकिटं फाडलेल्या माणसाला काठी घ्या म्हणणं म्हणजे काय ते मला कळतं. तू सांगू नकोस. कॅन्सरच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं पाहिजे, "काठी, फिजिओथेरपी", औषधासारखं. लिहिलेलं ते पाळतात, अशा पेशंटांना मी ओळखते. काठीची उंची, चप्पल घालून उभं राहून हात सैल सोडला की मनगटाच्या घडीपर्यंत. खालचं रबरी बूच झिजलेलं असेल तर बदला, झिजलेल्या बुचाची काठी फरशीवर घसरते. वॉकर आता प्लास्टर आहे तोवर जमणार नाही, त्याला दोन्ही हात लागतात.

आणि ते लपवणं. त्यांनी मनगट मोडेपर्यंत सांगितलं नाही कारण सांगितलं तर काय होईल ते त्यांना माहीत होतं, दिरांचा फोन येईल, डायपर येईल, बाहेरचं कट्ट्यावर जाणं बंद होईल. तेच झालं ना? म्हणून आता घरात एक ठरवून टाका आणि अण्णांच्या समोर बोला, पडलो असं सांगितलं म्हणून त्यांचं काहीही बंद होणार नाही. कट्ट्यावर जायचं, नातवाबरोबर जायचं, पण जायचं. नातवाला पण ओरडू नकोस, त्यानं सांगितलं म्हणून तर तू हे पत्र लिहिलंस.

परत पडलेच तर, कारण होऊ शकतं. तुमच्याकडे काय होतं, दोघं धावत येतात आणि काखेत हात घालून वर ओढतात. असं करायचं नाही, हाडात कॅन्सर आहे, ओढताना दंड मोडू शकतो. आधी तसंच पडू द्या, बोला, कुठं दुखतंय विचारा, ग्लुकोमीटर असेल तर शुगर बघा आणि कमी असून शुद्धीवर असतील तर साखर द्या. एक पाय आखूड दिसतोय किंवा बाहेरच्या बाजूला वळलाय, जांघेत जोरात दुखतंय, तर खुब्याचं हाड गेलंय, हलवू नका, डोक्याखाली उशी, अंगावर पांघरूण, 108 ला फोन. काही दुखत नसेल तर कुशीवर वळवा, गुडघ्यावर आणा, समोर भक्कम खुर्ची ठेवा, चांगला हात खुर्चीवर आणि बऱ्या पायाचा तळवा जमिनीवर टेकवून त्यांचे ते उठतील, तुम्ही मागून फक्त कमरेला धरा. प्लास्टरच्या हातावर भार नको.

फिजिओथेरपीला एकदा तरी जा. टाटासारख्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात त्याचा वेगळा विभागच असतो, तुमच्याकडे नसेल तर गावातला फिजिओ चालेल, पण त्याला फाईल दाखवा आणि हाडात कुठं कुठं आहे ते आधी कॅन्सरच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, कारण कमरेत वाकणं आणि पिळणं अशा पेशंटला देत नाहीत. तो एक टेस्ट घेईल, खुर्चीतून उठायचं, 3 मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. मग भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं असे व्यायाम देईल. दिसायला फालतू वाटतात, अण्णा हसतील, पण मांड्या परत येतात त्या यानंच, इंजेक्शन चालू असताना सुद्धा. जेवणात डाळ, अंडं, दही, जे जाईल ते थोडं थोडं चार वेळा, नुसती भाकरी-आमटी दोन वेळा पुरत नाही.

माणूस ठेवायचं दिरांनी म्हटलंय ते मात्र धरून ठेव, एवढं एक. रात्रीपुरता महिनाभर, प्लास्टर निघेपर्यंत आणि गोळ्या बदलून बीपी स्थिर होईपर्यंत ठेवला तर तुलाही झोप मिळेल, पत्र रात्री 2 ला पाठवलंयस ते दिसतंय मला. त्याचे पैसे दिरांकडून घे, मागायला लाजू नकोस. आणि पुढच्या वेळी येतील तेव्हा पुण्याहून संडासावर ठेवायची ती उंच कमोड खुर्ची घेऊन यायला सांग, माप आधी घेऊन पाठव, मागच्या भिंतीपासून किती जागा आहे ते पण.